जुळे सोलापुरातल्या बागेत सूर्यघड्याळ: कोणता प्रकार, किती माप, पाया कसा?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. विजापूर रस्त्याच्या बाजूला चार सोसायट्यांनी मिळून एक मोकळी जागा बागेसाठी घेतली आहे. जागा ३० मीटर बाय २० मीटर, लांबी पूर्व-पश्चिम. जमीन काळी. नैऋत्य कोपऱ्यात साधारण ८ मीटर उंचीचा कडुनिंब, उत्तरेला दुमजली इमारत. बागेच्या मधोमध शोभेचा पुतळा किंवा कारंजं नको, सूर्यघड्याळ हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं आहे. पुढे मात्र तीन मतं आहेत. एक, उत्तरेच्या इमारतीच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर रंगवलेलं मोठं घड्याळ. दोन, बाजारात मिळणारी पितळी आडवी तबकडी चौथऱ्यावर. तीन, जयपूरच्या जंतर मंतरमधल्या सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या दगडी सूर्यघड्याळाची, छोटी प्रतिकृती. मुलांनी स्वतः उभं राहून आपल्याच सावलीवरून वेळ बघायची घड्याळंही असतात म्हणतात, ते जमलं तर उत्तमच. जाणकारांनी मार्ग दाखवावा. नवीन झाडं अजून लावलेली नाहीत, त्यामुळे जागा हवी तशी आखता येईल.

शंकूसावली
भिंतीचा विचार आधी बाजूला ठेवा. सोलापूरचा अक्षांश १७.६७ उत्तर. कर्कवृत्ताच्या बऱ्याच खाली आहोत आपण. ११ मेच्या सुमारास सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर उत्तरेला जातो आणि २ ऑगस्टच्या आसपास परत डोक्यावर येऊन दक्षिणेला उतरतो. या साधारण ८३ दिवसांत दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर दिवसभरात ऊन पडतच नाही. सूर्य सकाळी ईशान्येकडून निघतो, दुपारी उत्तरेवरून जातो, संध्याकाळी वायव्येला मावळतो. शाळेला सुट्टी असते, पोरं बागेत असतात, आणि घड्याळ सावलीत! युरोपात भिंतीवरची घड्याळं जागोजागी दिसतात, कारण तिथे सूर्य माध्यान्ही बारा महिने दक्षिणेलाच असतो.

पितळी तबकडीचं दुखणं वेगळं आहे. त्या बहुतेक ४० ते ५० अंशांच्या अक्षांशासाठी कापलेल्या असतात. मधला तिरका पत्रा, म्हणजे शंकू, आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असावा लागतो, आणि त्याचा जमिनीशी कोन जागेच्या अक्षांशाइतका. आपल्याकडे तो १७.६७ अंश, म्हणजे १ मीटर आडव्या अंतराला ३१.९ सेंमी चढ. ५१ अंशांचा पत्रा इथे नुसता ठेवला तर कुठलीच वेळ धड दाखवत नाही. कुणी भेट दिलीच असेल तर एक उपाय आहे: ५१.५ अंशांची तबकडी असेल तर फरक ३३.८ अंश, तेवढी उताराची पाचर खाली घालायची, उत्तरेची कड खाली. तबकडी विचित्र कललेली दिसते, पण वेळ बरोबर दाखवते.

गणितबाई
इथल्या मापाने नवी आडवी तबकडी केली तरी मला ती पटत नाही, आणि का ते आकड्यातच बघा. माध्यान्हाच्या रेषेपासून तासांच्या रेषांचे कोन सोलापूरसाठी असे येतात: पहिला तास ४.६ अंश, दुसरा ९.९, तिसरा १६.९, चौथा २७.७, पाचवा ४८.६, सहावा ९०. म्हणजे ११ ते १ हे दोन तास मिळून जेमतेम सव्वानऊ अंशांत दाटीवाटीने बसतात आणि पाच ते सहा या एका तासाला ४१ अंश जागा मिळते. ज्या वेळी ऊन सगळ्यात कडक, सावली सगळ्यात स्पष्ट, त्याच वेळी वाचायला सगळ्यात अवघड. सूत्र सोपं आहे, कुणीही पडताळून पाहा: रेषेच्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) = अक्षांशाची ज्या (साइन, इथे ०.३०३५) गुणिले तासकोनाची (माध्यान्हापासून तासाला १५ अंश) स्पर्शज्या.

त्यापेक्षा विषुववृत्तीय घड्याळ करा. त्यात तासांचं वर्तुळच विषुववृत्ताला समांतर ठेवतात, त्यामुळे प्रत्येक तासाला सरळ १५ अंश. जयपूरचं सम्राट यंत्र याच जातीचं आहे. २७ मीटर उंचीचा जिना म्हणजे शंकू, दोन बाजूंच्या दगडी कमानी म्हणजे तासपट्टी, आणि सावली मिनिटाला सुमारे ६ सेंमी सरकते. पण त्याची हुबेहूब प्रतिकृती नको. त्या जिन्याचा चढ जयपूरच्या अक्षांशाचा, साधारण २७ अंशांचा आहे. इथे १७.६७ करावा लागेल, मग ते लांबलचक आणि बुटकं होतं, बागेची अर्धी जागा खातं.

फॅब्रिकेशनवाला
गणितबाईंशी सहमत. बागेसाठी धनुष्यबाणासारखी रचना सगळ्यात सुटसुटीत. पूर्व-पश्चिम एक अर्धवर्तुळ पट्टी, तिच्यावर आतून तास. उत्तर-दक्षिण दुसरं अर्धवर्तुळ, त्याच्या दोन टोकांना ताणलेला सरळ दांडा. दांडा हाच शंकू. आपल्याकडे कोन कमी असल्याने दांडा जवळजवळ आडवा दिसतो आणि तासपट्टी जवळजवळ उभी, मोठ्या इंग्रजी यू अक्षरासारखी. दिसायलाही छान.

माप सांगतो. आतली त्रिज्या ६०० मिमी धरा. तासपट्टीसाठी स्टेनलेस ३०४ ची ७५ बाय ५ मिमी फ्लॅट. अर्धवर्तुळ १८८५ मिमी होतं, पण उन्हाळ्यात सूर्य सहाच्या आधी उगवतो आणि सहानंतर मावळतो, म्हणून दोन्ही टोकांना एकेक तास वाढवा: २२०० मिमी. रोलिंगला देताना २५०० चा तुकडा द्या. तीन रोलरच्या मशिनवर पट्टीची दोन्ही टोकं शंभर-दीडशे मिमी सरळच राहतात, ती नंतर कापून टाकायची. २२०० मध्येच रोल करून घेतली तर सकाळ-संध्याकाळचे तास सपाट भागावर जातात आणि तिथे १५ अंशांचा हिशेब बिघडतो.

उत्तर-दक्षिण कमानीला ५० बाय ८ मिमी. ती तासपट्टीच्या बाहेरून जाते, म्हणून तिची आतली त्रिज्या ६०५.

दांडा २० मिमी, भरीव. कोणी १२ मिमी सुचवेल कारण सावली बारीक पडते. ऐकू नका. १२०० मिमी लांब, १२ मिमी जाड दांड्याच्या मध्यावर ३० किलोचं मूल एकदा लोंबकळलं की तो कायमचा वाकला. २० मिमीचा तेवढं वजन आरामात सोसतो. मुलं लोंबकळणारच, बाग त्यांचीच आहे.

शंकूसावली
बरोबर. आणि बारीक दांड्याचा सावलीलाही फायदा नाही. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशापेक्षा किंचित मोठी चकती आहे. त्यामुळे ६०० मिमी अंतरावर सावलीची प्रत्येक कड साधारण साडेपाच मिमी पुसट असते. ६ मिमीचा दांडा लावला तर गडद भाग जवळपास उरतच नाही. २० मिमीला मध्ये १४ मिमी गडद पट्टा आणि दोन्हीकडे पुसट कड मिळते. वाचायचं ते पट्ट्याच्या मध्यावर, कडेवर नाही. सारख्या पट्ट्याचा मध्य डोळ्याला सहज सापडतो. नीट बसवलं तर एक-दोन मिनिटांच्या आत वेळ मिळते.

फॅब्रिकेशनवाला
खुणांबद्दल राहिलंच. त्रिज्या ६०० ला एक तास = १५७.१ मिमी, पाच मिनिटं = १३.१ मिमी, एक मिनिट = २.६ मिमी. पाच-पाच मिनिटांच्या रेषा कोरा, मिनिटांच्या नकोत, गर्दी होते.

खुणा पट्टी वाकवल्यानंतर करायच्या, आधी नाही. सपाट पट्टीवर १५७.१ ने आखून मग रोल केलं की आतली बाजू आखडते. ५ मिमी जाडीला फरक ०.४ टक्के पडतो. ऐकायला किरकोळ, पण सहा तासांत तो साचून ४ मिमी होतो, म्हणजे दीड मिनिट. वाकवून झाल्यावर कागदी पट्टी आतून चिकटवा, तिच्यावरून सेंटर पंच मारा, मग कोरा.

आणि घासून आरसा करू नका. दुकानात चकाकी बघून सगळ्यांना तीच हवी असते. चकचकीत पत्र्यावर सावली दिसतच नाही, कारण उजेड पसरत नाही, एकाच दिशेला परततो. वर ती पट्टी आतून खोलगट, म्हणजे आरशासारखी किरणं गोळा करून बघणाऱ्याच्या डोळ्यावर मारते. आतून सँडब्लास्ट करून घ्या, राखाडी खरखरीत पृष्ठभाग. बाहेरून वाटेल तशी चकाकी ठेवा.

जुळेसोलापूरकर
मनापासून आभार, मंडळी. धनुष्याची रचना सगळ्यांना आवडेल असं वाटतं. दोन प्रश्न. घड्याळ आणि मोबाईलची वेळ जुळेल का? लोक पहिलं तेच बघतील. आणि काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा?

गणितबाई
वेळेचं आधी सांगते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. सोलापूर ७५.९ वर. फरक ६.६ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सोलापूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या २६ मिनिटं मागे. ही दुरुस्ती पट्टीवरच करता येते आणि इथेच करून टाका. पट्टीचा सगळ्यात खालचा बिंदू म्हणजे माध्यान्ह. तिथे १२ न लिहिता तो १२:२६ धरा, आणि १२ चा आकडा त्याच्या पश्चिमेला ६९ मिमीवर घ्या. सकाळी सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला, म्हणून आधीच्या वेळा पश्चिमेकडे. उलट्या बाजूला सरकवलं तर चूक २६ ऐवजी ५२ मिनिटांची होईल.

उरलेला फरक वर्षभर बदलतो, तो पट्टीत बसवता येत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि आस कललेली, त्यामुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे, कधी मागे. ११ फेब्रुवारीच्या सुमारास १४ मिनिटं मागे, १४ मेला साडेतीन-पावणेचार मिनिटं पुढे, २६ जुलैला साडेसहा मागे, ३ नोव्हेंबरला साडेसोळा पुढे. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर, २५ डिसेंबर या चार दिवशी फरक जवळपास शून्य. याची एक पाटी चौथऱ्यावर लावा. पाटी नसली की लोक नोव्हेंबरात "घड्याळ बिघडलंय" म्हणून तक्रार करतात, आणि एखादा उत्साही माणूस पान्याने अख्खं धनुष्य फिरवून ठेवतो.

मातीकाम
पायाबद्दल मी लिहितो, कारण सोलापुरात सूर्यघड्याळ बिघडायचं सगळ्यात मोठं कारण माती असेल, गणित नाही. काळी माती पावसात फुगते, मार्चपर्यंत आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसता चौथरा ठेवला तर दोन पावसाळ्यांत तो कलणारच.

९० बाय ९० सेंमी खड्डा, मुरूम लागेपर्यंत. मुरूम लवकर लागला नाही तर निदान १.२ मीटर खोल. काढलेली काळी माती परत त्यात टाकायची नाही. बाहेरून मुरूम आणून १५-१५ सेंमीच्या थरांनी पाणी मारून धुमसाने ठोकायचा. वर १० सेंमी पीसीसी (बिनसळयांचं साधं काँक्रीट) १:४:८, त्यावर ४५ बाय ४५ चा आरसीसी खांब, एम२० काँक्रीट, १२ मिमीच्या चार सळया आणि ८ मिमीच्या रिंगा १५ सेंमीवर. खांबाच्या डोक्यात १६ मिमीचे चार फाउंडेशन बोल्ट, टेम्प्लेट पत्र्यात धरून. टेम्प्लेट न वापरता बोल्ट हाताने खोचले तर काँक्रीट भरताना हमखास सरकतात.

धनुष्य थेट खांबाला वेल्ड करू नका. ३०० बाय ३०० बाय १० मिमी प्लेट, प्रत्येक बोल्टला खाली एक नट आणि वर एक नट. पातळी आणि चढ खालच्या नटांनी लावता येतो. प्लेटमध्ये भोकं गोल नकोत, वर्तुळाच्या चापात लांबट ठेवा, म्हणजे दिशा चार-पाच अंश इकडे-तिकडे फिरवता येते. शेवटी वरच्या नटांना टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारा, म्हणजे पान्याने कुणी फिरवणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खांबाच्या एकाच बाजूला वाफा आणि ठिबक असेल तर त्या बाजूची माती ओली राहून फुगते, दुसरी कोरडी राहते, आणि खांब हळूहळू कलतो. ३०० मिमीच्या प्लेटवर ५ मिमी उतार म्हणजे एक अंश. पूर्व-पश्चिम एवढा कल आला की घड्याळ जवळपास ४ मिनिटं चुकतं. म्हणून खांबाभोवती चारी बाजूंनी १ मीटर फरसबंदी, बाहेर उतार, वाफे त्याच्या पलीकडे.

शंकूसावली
मातीकाम यांना जोडून वेळापत्रक सुचवतो. खड्डा आणि खांब फेब्रुवारी-मार्चमध्ये, माती कोरडी असताना. मग एक पावसाळा जाऊ द्या. धनुष्य डिसेंबरात बसवा. तोवर खांब जो काही हलायचा तो हलून झालेला असतो, आणि उत्तर शोधायला डिसेंबरसारखा महिना नाही.

उत्तर होकायंत्राने काढू नका, मोबाईलच्या तर नाहीच. खांबातल्या सळया, कुंपण, उभ्या गाड्या, सगळं सुईला ओढतं. जुनी रीत वापरा, कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिलेली. सपाट जागेत ओळंब्याने सरळ काठी उभी करा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना शिवतं तिथे खूण, दुपारनंतर बाहेर जाताना शिवतं तिथे दुसरी. दोन खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिचा लंबदुभाजक उत्तर-दक्षिण. १ मीटर काठी आणि तीन-चार वर्तुळं एकाच वेळी घ्या, सगळ्यांची सरासरी काढा. काठीचं टोक पुसट दिसत असेल तर टोकाला बारीक भोकाचा पत्रा लावा, जमिनीवर उजेडाचा ठिपका पडतो, तो खूण करायला सोपा.

डिसेंबरच का? त्या दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, जवळपास स्थिर असते, त्यामुळे सकाळ-दुपार सारखी येते. मार्च-सप्टेंबरात ती दिवसाला ०.४ अंश बदलते, रेषा किंचित तिरपी येते. मे महिन्यात तर सूर्य डोक्यावर, माध्यान्ही सावली बोटभर, आणि दिशा क्षणाक्षणाला पालटते. तेव्हा उत्तर काढायला जाऊच नका.

एक अंश दिशा चुकली तर काय होतं? डिसेंबरात माध्यान्ही ३ मिनिटांची चूक, जूनमध्ये अर्ध्या मिनिटाचीही नाही. म्हणून जूनमध्ये बसवून "एकदम बरोबर आहे" म्हणणाऱ्यांची फसगत हिवाळ्यात उघडी पडते.

बागबगीचा
झाडांच्या सावलीचंही गणित करा बरं का. डिसेंबरात सौर वेळेने (माध्यान्हाला १२ धरून) सकाळी ८ आणि दुपारी ४ ला सूर्य फक्त १८ अंश वर असतो. त्या उंचीला कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या तिप्पट. तुमच्या ८ मीटर कडुनिंबाची सावली तेव्हा २४ मीटर लांब पडते, आणि चारला सूर्य नैऋत्येला असतो, म्हणजे नेमकी बागेच्या मधोमध. झाड तोडायचा विचारही नको. घड्याळच थोडं उत्तर-पश्चिमेला सरकवा, सावली त्याला चुकवून ईशान्येकडे जाईल. उत्तरेची इमारत सरळ समोर असेल तर त्रास नाही. ईशान्य आणि वायव्य कोपरे मात्र मोकळे हवेत, जूनमध्ये सूर्य तिथून उगवतो-मावळतो.

फरसबंदीच्या कडेने ४० सेंमीच्या वर न जाणारी झाडं घ्या. पोर्चुलाका उत्तम. आपल्याकडे त्याला ऑफिस टाइम म्हणतात ते उगाच नाही, ऊन वर आलं की दहाच्या सुमारास उमलतं. पावसाळ्यात तांबडी दुपारी लावा, नावाप्रमाणे दुपारी फुलते, पण ती उंच होते म्हणून उत्तरेकडच्या वाफ्यात. गुलबक्षी पश्चिमेला, चार-पाचनंतर उघडते. प्राजक्त लांब कोपऱ्यात, पहाटे सडा पडतो. घड्याळाशेजारी वेळ सांगणारी फुलं म्हणजे मुलांना दोन्ही एकाच फेरीत दाखवता येतील.

पाणी ठिबकनेच. तुषार लावले आणि बोअरचं जड पाणी पट्टीवर उडालं की आठवड्याभरात पांढरे डाग, खरखरीत पृष्ठभागावरून ते निघता निघत नाहीत. विटेच्या भुकटीने किंवा ॲसिडने घासायचं नाही. पातळ केलेला लिंबूरस किंवा व्हिनेगर लावून लगेच साध्या पाण्याने धुवा.

जुळेसोलापूरकर
उभं राहून वेळ बघायच्या घड्याळाबद्दल कुणी लिहील का? बालवाडीच्या मुलांसाठी तेच हवं असा आग्रह आहे.

गणितबाई
ते करा, पण सोलापूरसाठी नव्याने काढून. त्यात तासांचे दगड जमिनीवर लंबवर्तुळात मांडतात, मधल्या पाटीवर चालू महिन्याच्या खुणेवर उभं राहायचं, आणि आपली सावली ज्या दगडाकडे पडते ती वेळ. इंटरनेटवर मिळणारे नकाशे बहुतेक ४५-५० अंशांसाठीचे असतात. तिथे लंबवर्तुळ चांगलं गुबगुबीत आणि मधली महिन्यांची पाटी त्याच्या आत मावते. आपल्याकडे उलटं होतं.

अर्धा मोठा अक्ष २ मीटर घ्या, पूर्व-पश्चिम. अर्धा लहान अक्ष त्याच्या ०.३०३५ पट, फक्त ६१ सेंमी. महिन्यांची पाटी मध्यापासून उत्तरेला ८३ आणि दक्षिणेला ८३ सेंमी. म्हणजे पाटी लंबवर्तुळाच्या बाहेर २२ सेंमी निघते. चूक झाली समजून ती कापू नका, ती तशीच असायला हवी.

आकड्यांचे दगड, रेखांशाची २६ मिनिटं धरून. मध्यापासून आधी पूर्व किंवा पश्चिम, मग उत्तर, सगळं सेंमीत:
सकाळी ७: पश्चिम १९८, उत्तर ९
८: पश्चिम १८४, उत्तर २४
९: पश्चिम १५७, उत्तर ३८
१०: पश्चिम ११९, उत्तर ४९
११: पश्चिम ७४, उत्तर ५६
१२: पश्चिम २३, उत्तर ६०
१: पूर्व २९, उत्तर ६०
२: पूर्व ७९, उत्तर ५६
३: पूर्व १२४, उत्तर ४८
४: पूर्व १६१, उत्तर ३६
५: पूर्व १८६, उत्तर २२
६: पूर्व १९९, उत्तर ७

उभं राहायच्या जागा, प्रत्येक महिन्याची १ तारीख. उत्तरेला: एप्रिल १५, मे ५१, जून ७७, जुलै ८१, ऑगस्ट ६२, सप्टेंबर २८. दक्षिणेला: ऑक्टोबर १०, नोव्हेंबर ४९, डिसेंबर ७६, जानेवारी ८१, फेब्रुवारी ५९, मार्च २६. पाटीचे दोन रकाने करा, सूर्य चढतानाचे महिने एका बाजूला, उतरतानाचे दुसऱ्या, नाहीतर मे आणि ऑगस्टची गल्लत होते.

शंकूसावली
यात एक गोम आहे, ती आधीच सांगितलेली बरी. ११ मे ते २ ऑगस्ट या काळात उभं राहायची जागा लंबवर्तुळाबाहेर जाते, आणि बाहेरच्या बिंदूतून काढलेली रेषा लंबवर्तुळाला दोनदा छेदते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की २१ जूनला सौर वेळेने सकाळी ७ ला आणि साडेदहाला सावली एकाच दिशेला पडते! मोबाईलच्या घड्याळात ते साधारण ७:२८ आणि १०:५८. ओळखायचं लांबीवरून: दीड मीटर उंचीच्या मुलाची सावली सातला ४ मीटर, साडेदहाला ६० सेंमी. शिक्षकांना हे सांगून ठेवा, नाहीतर मुलगा प्रामाणिकपणे "सात वाजले" म्हणेल आणि त्याला चूक ठरवलं जाईल. त्याचं काहीच चुकलेलं नसेल.

या घड्याळाचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा माध्यान्हीसुद्धा सावली मीटरभर असते. एप्रिल-मेमध्ये ती दगडापर्यंत पोचत नाही, दोन्ही हात जोडून डोक्यावर धरले की थोडी लांबते. आणि त्या दिवसांत दहानंतर फरशीवर अनवाणी पाय ठेवू देऊ नका.

पण या लहान अक्षाची एक गंमत फक्त आपल्यासारख्या जागी मिळते. मध्यापासून उत्तरेला ६१ सेंमीवर माध्यान्ह-बिंदू आहे, आणि सूर्य डोक्यावर येण्याच्या दिवसांची उभं राहायची जागाही नेमकी तीच, ६१. तिथे एक वेगळा गोल दगड बसवा. ११ मेच्या सुमारास १२:२३ ला त्यावर उभं राहिलं की सावली पायाखाली गोळा होते. ऑगस्टात २ तारखेच्या आसपास १२:३३ ला, पण तेव्हा ढग असतात. धनुष्याचा खांब ओळंब्यात आहे का तेही त्याच दिवशी कळतं, सरळ खांबाला सावली उरत नाही.

रंगरेषा
दगडाबद्दल थोडं. शहाबादी फरशी इथे सहज मिळते, उन्हात काळ्या कडप्प्याइतकी तापत नाही, पण थरांनी सुटते. आकड्यांसाठी निदान ४० मिमी जाड घ्या आणि कडा मशीनने कापलेल्या. आकडे रंगवू नका, सोलापूरच्या उन्हात रंग एक-दोन वर्षांत उडतो. ५ मिमी खोल कोरून त्यात काळ्या कडप्प्याचे तुकडे बसवा. देवनागरी अंक सुंदर दिसतात, फक्त १ आणि ९ च्या शेपट्या जाड ठेवा, बारीक टोकं कोरताना तुटतात.

लंबवर्तुळाची कड चायना मोझॅकने करा, तुटक्या टाइल्स कोपऱ्या-कोपऱ्यातून गोळा करता येतील. सोलापुरी चादरीच्या चौकटींची नक्षी मोझॅकला अगदी चपखल बसते, कारण तीही चौकोनातच विणलेली असते. एके काळी गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारं-बसणारं हे शहर, इथे वेळ सांगणाऱ्या जागेवर मागाची नक्षी असायलाच हवी. सावली पडते तो भाग मात्र फिकट आणि साधा ठेवा, नक्षीत सावली हरवते.

जुळेसोलापूरकर
ठरलं. मार्चमध्ये खड्डा, डिसेंबरात धनुष्य, आणि त्याच्या दक्षिणेला मुलांचं लंबवर्तुळ. धनुष्य कडुनिंबापासून सरकवून जागा आखली आहे. दुरुस्तीच्या पाटीचा मजकूर असा केला आहे, कृपया तपासा: "घड्याळातली वेळ मिळवण्यासाठी: ११ फेब्रुवारी, १४ मिनिटे वजा करा. १४ मे, ४ मिनिटे मिळवा. २६ जुलै, ६ मिनिटे वजा करा. ३ नोव्हेंबर, १६ मिनिटे मिळवा."

गणितबाई
चिन्हं उलटी झाली आहेत, कोरायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. असं पडताळा: ११ फेब्रुवारीला सूर्य मागे, म्हणजे तो माध्यान्ही येतो तेव्हा मोबाईलमध्ये १२:४० होऊन गेलेले असतात, आणि सावली मात्र १२:२६ वर. १२:२६ वरून १२:४० ला जायला मिळवायला हवं. ३ नोव्हेंबरला उलट, मोबाईलमध्ये १२:१० आणि सावली १२:२६ वर, म्हणून वजा. फेब्रुवारी आणि जुलै मिळवा, मे आणि नोव्हेंबर वजा. शिवाय चारच तारखा पुरणार नाहीत, मधल्या दिवशी लोक अडतात. प्रत्येक महिन्याची १ आणि १५ द्या, २४ ओळी, ३० बाय ४० सेंमीच्या पाटीवर १० मिमी उंचीचे अंक आरामात बसतात.

फॅब्रिकेशनवाला
पाटी पितळी केली तर चोरीला जाते. स्टेनलेसची, कोरलेली, मागून बोल्ट घालून खांबाच्या काँक्रीटमध्येच पकडा. खांब भरायच्या आधी त्या चार बोल्टांची जागा टेम्प्लेटवर आखून द्या, नंतर ड्रिल मारायला गेलं की सळईला लागतं.